आट्यांचा चक स्पिंडलला जाम बसलाय, गिअरचे दाते न मोडता कसा काढू?

वाळपईचा लेथवाला (सत्तरी)

नमस्कार मंडळी. वाळपईजवळ माझं छोटं वर्कशॉप आहे. कामं गावातलीच: पॉवर टिलरचे बुश, बागायतीतल्या पंपांचे शाफ्ट, उसाच्या चरकाचे रोलर. आजवर टर्निंग बाहेरून करून घेत होतो, आता स्वतःचा लेथ घेतला. साडेचार फुटी, पंजाबात बनलेला, पायऱ्यांची पुली, सपाट पट्टा, बॅक गिअर (स्पिंडलचा वेग कमी करणारे जोडगिअर). खाणपट्ट्यातल्या एका गॅरेजचा होता. २०१२ ला गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा त्यांचं काम निम्म्यावर आलं, २०१८ ला पुन्हा थांबल्यावर शटरच खाली ओढलं. तेव्हापासून लेथ ताडपत्रीखाली पडून होता. बेडवरचा गंज घासून काढला तर खालून बेड चांगला निघाला, स्पिंडलही मोकळा फिरतो.

अडचण चकची आहे. स्पिंडलच्या नाकावर आट्यांनी बसणारा ८ इंची तीन जॉचा चक (जॉब पकडणारा भाग, जॉ म्हणजे त्याचे जबडे), आणि तो हलायला तयार नाही. सोबत चार जॉचा चक बॅक प्लेटसकट (चकच्या मागची, स्पिंडलवर आट्यांनी चढणारी तबकडी) मिळालाय, पण लावणार कुठे? एक एक्सेंट्रिकचं (केंद्र बाजूला असलेलं) काम हातात आहे, ते तीन जॉत धरता येत नाही.

बॅक प्लेट आणि स्पिंडलची कॉलर यांच्यामध्ये तांबड्या गंजाची रेघ दिसते. सगळ्यांत पातळ फीलर गेजही तिथं शिरत नाही. रॉकेल आणि डिझेल सोडून रात्रभर मुरू दिलं. पट्टा हाताने आवळून चकला हिसडा दिला तर पट्टाच सरकतो.

जो येतो तो सांगतो, बॅक गिअर टाकून स्पिंडल लॉक कर. पण कव्हर उघडून पाहिलं तर मोठ्या गिअरचा एक दाता पिवळा! कोणीतरी पितळ भरून कानशीने घडवलाय, कानशीचे ओरखडे अजून दिसतात. शेजारच्या दात्याच्या मुळाशी बारीक चीरही आहे. म्हणजे हा उद्योग आधी एकाने करून झालेला आहे.

चक नक्की कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो? यावर दोघांनी मला दोन उत्तरं दिली आहेत. गॅसने तापवू का? आणि एकदा निघाला तर पुन्हा असा बसू नये म्हणून काय करायचं?

घणबाब (कुडचडे)

एवढा विचार कशाला करतोस. बॅक गिअर टाक, पिन पण आतच ठेव, चकमध्ये जाड सळी धर, तिला चार फुटी पाइप घाल आणि दे एक झटका. आमच्याकडे सगळे असेच काढतात. दाता गेला तर नवीन गिअर कापून मिळतो.

जुना टर्नर (डिचोली)

घणबाब, गिअर कापून मिळतो हे खरं, पण त्यासाठी स्पिंडल बाहेर काढायला लागतो आणि मग बेअरिंग पुन्हा बसवत बसायचं. वाळपईकर, तुम्ही कव्हर उघडून पाहिलंत ते फार बरं केलंत. पिवळा दाता असलेल्या गिअरवर तर हातोड्याचा वारा पण लागू देऊ नका.

तिथं काय होतं ते सांगतो. पिन आत असली की पुली मोठ्या गिअरला, म्हणजे स्पिंडलला जोडलेली. त्यातच बॅक गिअर टाकला की एकाच वेळी दोन वेगांनी फिर असं सांगितल्यासारखं होतं, म्हणून सगळं जाम होतं. पण ते जाम कशावर उभं असतं? एकमेकांत अडकलेल्या एक-दोन दात्यांवर. हे गिअर बहुतेक बिडाचे. बीड दाब सोसतं, ठोका सोसत नाही. आणि जाम चक ठोक्याशिवाय सुटत नाही.

आता दिशा. आटे साधे, उजवेच आहेत. टेलस्टॉकच्या (चकच्या समोरचं, लेथचं दुसरं टोक) बाजूने चककडे तोंड करून उभे राहा. स्पिंडल धरून ठेवून चक घड्याळाच्या उलट फिरवला की सुटतो. कटिंग करताना चक फिरतो तीच ही दिशा, म्हणून लोकांचा घोळ होतो. कटिंगच्या वेळी स्पिंडल ढकलतो आणि टूल चकला मागे धरून ठेवतं, म्हणून तो आवळत जातो. सोडवताना स्पिंडल थांबवायचा आणि चक पुढे न्यायचा. म्हणजे लेथवर नेहमीसारखे कामाला उभे राहिलात तर तुमच्याकडची बाजू खाली. चकमधून आडवा दांडा तुमच्या अंगाकडे आला असेल तर ठोका वरून खाली द्यायचा. एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

कामाला लागण्याआधी बेडवर फळी टाका. ८ इंची चक पंधरा किलोच्या आसपास भरतो, आणि सुटतो तेव्हा विचारून सुटत नाही. बेडवर पडला तर बेड जातो, तुमची बोटं मध्ये असली तर बोटं जातात. चकमध्ये एक लांब सळी अशी धरा की तिचं मागचं टोक स्पिंडलच्या भोकात बरंच आत राहील. चक सुटला तरी तो सळीवर लटकतो. मशीनचा मेन स्विच बंद आणि फ्यूज खिशात.

पहिला प्रयत्न सगळ्यांत हलका. पिन आत ठेवा, बॅक गिअर बाहेर काढा. पलीकडच्या बाजूला बेडवर खैराचा किंवा शिसवीचा ठोकळा उभा करा, एक जॉ थोडा बाहेर काढून त्याच्यावर टेकेल असा. मग हाताने पुली उलट फिरवा, थोडी गती येऊ द्या आणि जॉ ठोकळ्यावर आपटू द्या. स्पिंडल आणि पुलीचं स्वतःचं वजनच हातोड्याचं काम करतं. साधा अडकलेला चक एवढ्याने सुटतो. तुमचा सुटेल असं मला वाटत नाही, आणि सुटला नाही तर तिथंच रेटत बसू नका. सगळा मार एका जॉवर आणि त्याच्या खाचेवर येतो.

मग चकला बाजूला काढा. चक बॅक प्लेटला मागून बोल्टांनी बांधलेला असतो. ते बोल्ट खोला, चक उतरवा, स्पिंडलवर नुसती बॅक प्लेट राहू द्या. याचे दोन फायदे. पंधरा किलोचं धूड गेलं, आणि चकच्या आतल्या स्क्रोलला (जॉ सरकवणारी चकती) एकही ठोका बसणार नाही. आता तीन फूट लांब जाड पट्टी घ्या, तिला बॅक प्लेटच्या भोकांच्या मापाने भोकं पाडा आणि दोन बोल्टांनी समोरून आवळा. हा तुमचा दांडा.

स्पिंडल धरायचा पुलीवरून. जुना चामड्याचा किंवा कॅनव्हासचा पट्टा सगळ्यांत मोठ्या पायरीवर गुंडाळा, दोन्ही टोकं तीन फुटी लाकडाला बोल्टने बांधा. ओढलं की फास आवळेल अशा बाजूने गुंडाळायचं, आणि लाकडाचं टोक टेबलावर टेकवायचं. जोर पट्टा, पुली आणि पिन यांच्यावर येतो, दात्यांवर काही येत नाही. मग पट्टीच्या टोकावर दोन किलोच्या हातोड्याने ठोका. लोंबकळून दाब देण्यापेक्षा एक कडक ठोका बरा. ठोका फिरण्याच्या दिशेनेच हवा. स्पिंडलच्या टोकावर, अक्षाच्या दिशेने कोणी हाणायला गेलं तर त्याचा हात धरा, ते सगळं बेअरिंगवर जातं.

चकच्या किल्लीत पाइप घालून चक फिरवायचा प्रयत्न तर चुकूनही नको. ती जागा जॉ आवळायला केलेली आहे.

डिझेलने फारसं होत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं घ्या, ते लवकर वेगळं होतं म्हणून दर वेळी हलवून, आणि कॉलरच्या रेघेत थेंब थेंब सोडा. तांब्याच्या हातोडीने बॅक प्लेटला गोल गोल हलके टोले देत राहा, त्याने तेल आत झिरपतं. एक-दोन दिवस द्या त्याला.

गॅस नको. गॅसच्या ज्वाळेत बेअरिंगचं तेल-ग्रीस जळेल आणि ॲसिटोन असलं तर तुम्हीही. शिवाय बीड आणि पोलाद दोन्ही जवळपास सारखेच प्रसरण पावतात. दोन्ही तापले तर हाती काही लागत नाही. फरक पाडायला हवा: बाहेरून बॅक प्लेट गरम, आतून स्पिंडल थंड. स्पिंडल पोकळ आहे याचा फायदा घ्या. मासळीवाल्याकडून बर्फाचा चुरा आणा, सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये भरा, दोन्ही टोकं बांधा आणि स्पिंडलच्या भोकात सरकवा. नुसता बर्फ घालू नका, पाणी बेअरिंगमध्ये जाईल. तेल-ॲसिटोन पुसून कोरडं होऊ द्या, मगच बॅक प्लेटच्या गळ्याला हीट गन लावा. ४० मिलिमीटरच्या नाकाला ५० अंशांचा फरक मिळाला तर व्यासात दोन शतांश मिलिमीटर सैल पडतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाला मोडायला तेवढं पुष्कळ.

तरीही नाही निघाली तर बॅक प्लेटची आशा सोडा. लेथ चालतो ना? मग बॅक प्लेट स्पिंडलवरच फिरवून तिचा गळा टर्न करत आणा, आट्यांच्या वर दोन-तीन मिलिमीटर जाडी राहीपर्यंत, आणि मग छिन्नीने फोडा. बीड आहे, सरळ फुटतं. नवीन बॅक प्लेटचं कास्टिंग बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही फाउंड्रीवाल्याकडे विचारा. स्पिंडलला धक्का लागता कामा नये, बाकी सगळं बदलता येतं.

वाळपईचा लेथवाला

काका, देव बरं करो. एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. बर्फाचं तर डोक्यातही आलं नसतं. चोर्ला घाटातून बेळगावला जावं लागू नये एवढीच इच्छा. करून बघतो आणि कळवतो.

फोंड्याचा फिटर

जुना टर्नर यांनी काढायचं सांगितलंच आहे, मी लावायचं सांगतो. आमचं युनिट कुंडईला आहे, लेथ जुना, आट्यांच्याच चकचा. पावसाळ्यात इथली हवा म्हणजे ओला टॉवेल, चार महिने सलग एक चक लावून ठेवला की दसऱ्याला तो निघत नाही. आम्ही बॅक प्लेट आणि कॉलर यांच्यात जाड कागदाचा वॉशर घालतो, तेलात बुडवून. चक हमखास सुटतो. आट्यांना ग्रीस भरपूर लावतो.

जुना टर्नर (डिचोली)

फिटरभाऊ, कागदाशी माझं भांडण आहे, आणि ग्रीसशी तर जास्तच.

चक सरळ फिरतो तो आट्यांमुळे नाही. आट्यांचं काम फक्त ओढून आणण्याचं. केंद्रात बसवतो तो आट्यांच्या मागचा गुळगुळीत गोल भाग, आणि सरळ ठेवते ती कॉलरची सपाट बाजू. लोखंडाला लोखंड टेकलं पाहिजे. मध्ये कागद आला की तो एका बाजूला जास्त दबतो, दुसऱ्या बाजूला कमी. चरकाच्या रोलरला ते चालेल. बेअरिंगची सीट टर्न करायची असेल तर डायल गेज लावून बघा, काटा काय नाचतो ते. तुमच्याकडे कामं कुठली होतात मला माहीत नाही, म्हणून चूक म्हणत नाही. माझ्या लेथवर मी घालणार नाही.

ग्रीसचा त्रास वेगळा. ते चिकट, आणि चक काढून ठेवला की बीड टर्न केलेली काळी भुकटी, पितळेचे कण, सगळं त्यात बसतं. पुढच्या वेळी तोच लेप आट्यांत आवळला जातो. चक जाम होण्यात गंजाइतकाच या लेपाचा हात असतो. स्पिंडल ऑइलचा एक थेंब बोटाने पसरवला की झालं.

लावताना माझी पद्धत अशी. दोन्हीकडचे आटे दात घासायच्या ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ. बॅक प्लेटच्या आतल्या आट्यांसाठी दोन मिलिमीटरची स्प्रिंगची तार वाकवून टोक आट्यांच्या आकारात घासून ठेवलेलं असतं. ते आत टेकवून बॅक प्लेट हाताने फिरवली की खाचेतला कीस दोऱ्यासारखा बाहेर येतो. मग कॉलरवर आणि बॅक प्लेटच्या तोंडावर उघडं बोट फिरवायचं, फडकं नाही. फडक्याला कण कळत नाही, बोटाला कळतो. चक शेवटपर्यंत हातानेच गेला पाहिजे. शेवटच्या पाव फेऱ्यात मनगटाने थोडी गती द्यायची, ‘ठक’ असा घट्ट आवाज येतो. आवाज बद्द आला तर काढा, मध्ये काहीतरी आहे.

मोटर चालू करून चक चढवायचा नाही. आणि अर्धवट आवळलेला चक ठेवून वरच्या गतीला एकदम स्टार्ट द्यायचा नाही, तो स्वतःच स्वतःला असा आवळून घेतो की मग तुम्ही इथे प्रश्न विचारायला येता. पावसाळ्यात काम असो-नसो, आठवड्यातून एकदा चक उतरवून पुसून परत लावा.

वाळपईचा लेथवाला

निघाली!

ठोकळ्यावर काही झालं नाही, काकांनी म्हटलंच होतं. चक उतरवून बॅक प्लेटला पट्टी बांधली, पुलीवर पट्ट्याचा फास टाकला. नुसत्या ठोक्यांना दाद दिली नाही. मग बर्फाची ट्यूब आत, हीट गन बाहेरून. गळ्यावर हात ठेववेना इतकं तापल्यावर ठोका दिला, तर काचेला तडा जावा तसा आवाज आला आणि पट्टी माझ्याकडे चांगली चार बोटं खाली आली. पुढे हातानेच फिरली.

आत काय होतं सांगतो. आट्यांत काळं, सुकून डांबरासारखं झालेलं ग्रीस, त्यात चमकणारे कण. आणि कॉलरवर एक पोलादाची चिप पूर्ण चपटी होऊन चिकटलेली. नखाएवढी. ती काढल्यावर कॉलरवर तिचा ठसा उमटलेला दिसतो, आणि बॅक प्लेटच्या तोंडावर तसाच जोडीचा. म्हणजे इतकी वर्षं तो चक वाकडाच बसलेला होता. ठशाच्या कडा उठल्या आहेत, कॉलरला कानस लावू का?

दुसरं, चार जॉची बॅक प्लेट चढवून पाहिली. दोन फेरे छान जाते आणि अडते. मी जोर केलेला नाही.

जुना टर्नर (डिचोली)

जोर केला नाहीत ते उत्तम. कॉलरला कानस मुळीच नको. बारीक तेलदगड सपाट धरून फक्त उठलेली कड घासा. खड्डा राहिला तरी हरकत नाही, खड्डा चकला वाकवत नाही, उंचवटा वाकवतो. बॅक प्लेटचंही तसंच.

दोन फेऱ्यांनंतर अडते म्हणजे मागच्या गोल भागापर्यंत ती पोचलेलीच नाही, अडचण आट्यांतच आहे. आधी माप जुळतं का बघा. आट्यांचा गेज दोन्हीकडे लावा. इंचात किती आटे ते तर मोजाच, पण कोनही बघा. जुन्या विलायती मशीनवर ५५ अंशांचे व्हिटवर्थ आटे असतात, अमेरिकन मशीनवर ६० अंशांचे, आणि आपल्याकडच्या मशीन कुणाची नक्कल आहेत त्यावर ठरतं. आता उदाहरण म्हणून, मायफोर्ड एमएल ७ चं नाक सव्वा इंचापेक्षा थोडं कमी, १ १/८ इंच, इंचात १२ आटे. साउथ बेंडच्या ९ इंचीचं दीड इंच, ८ आटे. मालकाने दुसऱ्या लेथची बॅक प्लेट तुम्हाला दिली असणं अगदी शक्य आहे.

माप जुळत असेल तर आतल्या आट्यावर कुठेतरी ठेच लागलेली असेल किंवा कीस असेल. स्पिंडलच्या आट्यांना निळा रंग अगदी पातळ लावा, अडेपर्यंत चढवा, काढा. बॅक प्लेटच्या आट्यांत जिथं रंग ठळक उमटतो तिथं त्रिकोणी बारीक कानशीने एक-दोन हात. घासायचं ते बॅक प्लेटमध्ये, स्पिंडलवर नाही.

वाळपईचा लेथवाला

गेज दोन्हीकडे सारखाच बसला, आटे तेच आहेत. तार वाकवून फिरवली तर आतून लाल मातीसकट कुंभारीण माशीच्या घराचा तुकडा निघाला! आता शेवटपर्यंत जाते आणि ‘ठक’ वाजते.

एक राहिलं. माझा लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंचाचा आहे आणि पंपांच्या शाफ्टवर मिलिमीटरचे आटे पाडावे लागतात. हाफ नट (टूलला त्या स्क्रूशी जोडणारा नट) उघडता येत नाही, प्रत्येक कटनंतर मशीन उलट फिरवून मागे आणावं लागतं. चक सुटणार नाही ना?

मडगावचा हौशी

यात मी मध्ये बोलतो, कारण माझ्या लेथला मी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावलाय आणि हाच प्रश्न मला पडला होता. उलट फिरण्यापेक्षा झटक्याने थांबणं जास्त धोक्याचं. व्हीएफडीत थांबायचा वेळ अर्ध्या सेकंदावर असला की स्पिंडल थांबतो आणि जड चक आपल्याच गतीने आटे सोडवत पुढे जातो. माझा वेळ मी पाच सेकंदांवर ठेवलाय, ब्रेकिंग पूर्ण बंद. आटे पाडताना बॅक गिअरची सगळ्यांत खालची गती, टूल पूर्ण बाहेर ओढून, मशीन थांबू देऊन मगच उलट.

जुना टर्नर (डिचोली)

हौशी बरोबर सांगतात. त्यात एवढं जोडा: आटे पाडायला सुरुवात करण्याआधी त्याच जॉबवर पुढच्या दिशेने एक बऱ्यापैकी कट घ्या, म्हणजे चक नीट आवळला जाईल. शाफ्ट लांब असेल तर टेलस्टॉकचा सेंटर लावून ठेवा, चक थोडा सुटलाच तरी त्याला पुढे यायला जागा राहत नाही. उलट फिरताना कधीही कटिंग करायचं नाही, चक तेव्हाच सुटतो.

आणि ती चीर पडलेली दात्याची जागा. आटे पाडताना बॅक गिअर लागणारच. खोल कट घेऊ नका, दोन शतांशाचे घ्या, जास्त वेळा. पावसाळ्यात काम कमी असेल तेव्हा तो गिअर नवा करून घ्या, दाते मोजून आणि बाहेरचा व्यास मापून ठेवा म्हणजे गिअर कापणाऱ्याला सांगता येईल.